थर्मल कॅमेरा ताप मोजत नाही, मग काय मोजतो?

मार्च 2021 मधली एक दुपार. आमच्या सोसायटीच्या फाटकावर रखवालदार येणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळासमोर तापमापकाची बंदूक धरत होता. घरकामाला येणाऱ्या मावशी बस थांब्यापासून वीस मिनिटं उन्हातून चालत आल्या होत्या. आकडा आला 99.9. "मावशी, आज घरी जा." त्यांचा त्या दिवसाचा पगार बुडाला. त्यांच्यामागून एक गृहस्थ एसी गाडीतून उतरले. त्यांचा आकडा 94.1. "ओके सर, जा."

मी तिथेच उभा होतो आणि काही बोललो नाही. त्या दुसऱ्या आकड्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला तो रात्री. शरीराच्या आतलं तापमान 95 फॅरनहाइटच्या, म्हणजे 35 सेल्सियसच्या खाली गेलं की डॉक्टर त्याला हायपोथर्मिया म्हणतात. अशा माणसाला तातडीने दवाखान्यात न्यावं लागतं. 94.1 हा आकडा खरा असता तर त्या गृहस्थांसाठी रुग्णवाहिका बोलवायला हवी होती. कुणी बोलावली नाही, कारण हा आकडा खरा नाही हे सगळ्यांना मनातून माहीत होतं. मग त्याच बंदुकीचा मावशींच्या कपाळावरचा आकडा मात्र आम्ही खरा कसा धरला?

कोरोना ओसरला, बंदुका कपाटात गेल्या. पण कुठे नव्या साथीची बातमी आली की विमानतळावरचे ते निळे-केशरी चेहऱ्यांचे फोटो पुन्हा वर्तमानपत्रात येतात. स्टेशनं, मॉल, कारखान्यांची फाटकं, मोठी देवस्थानं, सगळीकडे थर्मल कॅमेरे लावायची चर्चा सुरू होते. पुढच्या वेळी तशी चर्चा तुमच्या सोसायटीत किंवा मंडळात झाली तर हे यंत्र नेमकं काय करतं हे ठाऊक असावं, म्हणून हा लेख.

उष्णता "दिसते" कशी

तवा तापला आहे की नाही हे पाहायला आपण त्याला हात लावत नाही. वर चार बोटांवर तळहात धरतो आणि धग कळते. ती धग म्हणजे तव्यातून निघणारे किरण. ते डोळ्यांना दिसत नाहीत, कातडीला जाणवतात. 1800 साली विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने लोलकातून सूर्यप्रकाशाचे सात रंग पाडले आणि प्रत्येक रंगात तापमापक ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथेही तापमापकाचा पारा चढला. तांबड्याच्या पलीकडच्या या किरणांना अवरक्त किरण म्हणतात. बोलीत आपण इन्फ्रारेड म्हणतो.

तव्यातूनच कशाला, प्रत्येक वस्तूतून असे किरण निघत असतात. भिंतीतून, झाडातून, माणसाच्या कपाळातूनही. वस्तू जितकी गरम, तितके किरण जास्त. माणसाच्या अंगातून निघणाऱ्या किरणांची तरंगलांबी साधारण 10 मायक्रोमीटरच्या आसपास सर्वांत जोरकस असते. कपाळाच्या बंदुकीप्रमाणे थर्मल कॅमेराही नेमके हे किरण टिपतो. त्याच्या आत अतिसूक्ष्म ठिपक्यांची जाळी असते. किरण पडले की ठिपका किंचित तापतो, तापला की त्याचा विजेला होणारा विरोध बदलतो, आणि त्या बदलावरून यंत्र तापमानाचा अंदाज बांधतं. पडद्यावरचा लाल-पिवळा-निळा हा रंग कॅमेऱ्याने आपल्या सोयीसाठी भरलेला असतो. कपाळ लाल दिसलं म्हणजे ते तापलं असं नव्हे. "या आकड्याच्या वर लाल दाखव" असं कुणीतरी यंत्राला सांगून ठेवलेलं असतं.

या किरणांचे काही गुण लक्षात ठेवण्यासारखे आहेत. साधी काच त्यांना अडवते, म्हणून थर्मल कॅमेऱ्याचं भिंग बहुधा जर्मेनियम या धातुसदृश पदार्थाचं असतं, आणि यंत्र महाग असण्याचं ते एक कारण आहे. चष्मा घातलेला माणूस या कॅमेऱ्यात डोळ्यांवर दोन काळपट चकत्या लावल्यासारखा दिसतो. चकचकीत स्टीलचं पातेलं तर कॅमेऱ्याला सरळ फसवतं. आत उकळता चहा असला तरी पातेलं थंड दिसतं, कारण घासून लख्ख केलेला धातू स्वतः किरण फार कमी सोडतो आणि समोरच्या गार भिंतीचेच किरण परतवतो. माणसाची त्वचा मात्र या बाबतीत प्रामाणिक आहे. तिची किरण सोडण्याची क्षमता जवळपास पूर्ण, म्हणजे 0.98 इतकी असते, आणि या तरंगलांबीत रंग गोरा की सावळा याने तिच्यात फारसा फरक पडत नाही.

म्हणजे त्वचेचं तापमान दुरून मोजणं शक्य आहे, आणि चांगला कॅमेरा ते करतोही. घोळ होतो तो त्याच्या पुढच्या पायरीवर.

त्वचा गरम म्हणजे ताप नव्हे

ताप म्हणजे शरीराच्या गाभ्याचं तापमान वाढणं. मेंदूतलं एक केंद्र गाभ्याचं तापमान 37 सेल्सियसच्या, म्हणजे 98.6 फॅरनहाइटच्या आसपास राखून असतं. 37 हा आकडा कार्ल वुंडरलिश या जर्मन डॉक्टरने 1868 मध्ये हजारो रुग्णांच्या काखेतल्या मोजणीवरून रूढ केला. तीही सरासरीच. आपलं तापमान पहाटे खाली असतं, संध्याकाळी वर जातं, आणि हा फरक सहज अर्ध्या अंशाचा असतो. बाईचं पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात थोडं वाढतं. म्हाताऱ्या माणसांना गंभीर आजारातही कधी कधी ताप चढतच नाही.

गाभा स्थिर राहावा म्हणून त्वचा सतत बदलत असते. घराच्या मधल्या खोलीत उकाडा नसावा म्हणून आपण बाहेरच्या खिडक्या उघडतो-लावतो, तसं शरीर त्वचेतल्या रक्तवाहिन्या उघडतं आणि आकसतं. उन्हातून चालत आलं की त्या फुलतात, कपाळ तापतं, गाभा मात्र जवळजवळ तिथेच असतो. एसीत बसलं की आकसतात, कपाळ गार होतं. आरामशीर खोलीतसुद्धा कपाळाची त्वचा गाभ्यापेक्षा दोन-तीन अंशांनी गार असते. म्हणून बंदुकीसारखी यंत्रं कपाळाच्या आकड्यात अंदाजाने भर घालतात आणि "शरीराचं तापमान" म्हणून दाखवतात. अनेक बंदुकांत दोन पर्याय असतात, एक पृष्ठभागाचा आणि एक शरीराचा. बटण पृष्ठभागावर राहिलं की सगळं गाव 93-94 च्या घरात येतं. त्या गृहस्थांचा 94.1 बहुधा असा किंवा गाडीतल्या एसीमुळे आलेला असावा. आणि मावशींचा 99.9 हा उन्हाचा.

यापेक्षाही महत्त्वाची एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या घरोघरच्या अनुभवातली आहे. ताप चढत असतो तेव्हा काय होतं? हुडहुडी भरते. हातपाय गार पडतात, अंगावर दोन-दोन गोधड्या लागतात. शरीर गाभ्याचं तापमान वाढवायला निघालेलं असतं, म्हणून ते त्वचेकडे जाणारं रक्त आवरून धरतं. म्हणजे ताप चढतो आहे त्याच वेळी त्वचा गार असू शकते. नंतर घाम फुटून ताप उतरू लागतो तेव्हा हीच त्वचा लाल आणि गरम होते. आजाराच्या ऐन सुरुवातीला कॅमेऱ्यासमोरून गेलेला माणूस यामुळे निसटू शकतो. पॅरासिटामॉल घेऊन आलेला तर निसटतोच.

कपाळावर घाम असेल तर तो सुकताना त्वचा गार करतो. टोपी, पदर, ओढणी, कपाळावर आलेले केस, नुकताच चोळलेला बाम, सगळ्याचा आकड्यावर परिणाम होतो. म्हणून जाणकार कपाळ सोडून डोळ्याचा नाकाजवळचा कोपरा पाहायला सांगतात. तिथली त्वचा पातळ असते, धमनी जवळ असते आणि वाऱ्या-उन्हाचा परिणाम कमी होतो. चेहऱ्यावरची गाभ्याशी त्यातल्या त्यात इमान राखणारी जागा तीच. पण ती जागा आहे तांदळाच्या एक-दोन दाण्यांएवढी, आणि त्यासाठी चष्मा काढून कॅमेऱ्याकडे सरळ पाहावं लागतं.

गर्दीतले वीस चेहरे एकदम?

विक्रेत्यांच्या जाहिरातीत नेहमी एक चित्र असतं. जिना उतरणारी गर्दी, प्रत्येक चेहऱ्याभोवती हिरवी चौकट आणि वर आकडा. एका चौकटीचा रंग लाल. गर्दीच्या ठिकाणांसाठी हे यंत्र विकलं जातं ते याच चित्रावर. त्यामुळे इथे जरा थांबू या.

ताप-तपासणीच्या थर्मल यंत्रांसाठी एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी 80601-2-59. त्यात अपेक्षा अशी की चेहऱ्याने चित्रात निदान 240 गुणिले 180 ठिपक्यांची जागा व्यापावी, म्हणजे डोळ्याचा कोपरा नीट मोजता येईल. आता अशा कामाला वापरल्या जाणाऱ्या कितीतरी कॅमेऱ्यांचं पूर्ण चित्रच 320 गुणिले 240 ठिपक्यांचं असतं. त्यात एकच चेहरा मावतो. वीस चेहरे एका चित्रात घेतले तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडेसे ठिपके येतात, आणि एकाच ठिपक्यात डोळ्याचा कोपरा, भुवई आणि चष्म्याची कड यांची सरमिसळ होते. चौकटीवरचा आकडा त्या सरमिसळीचा असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही हेच सांगितलं आहे: एकाच वेळी अनेकांचं तापमान ही यंत्रं अचूक मोजतात असं दिसून आलेलं नाही, एका वेळी एकच माणूस घ्या.

याच संस्थेने खोली कशी असावी तेही लिहून ठेवलं आहे. तापमान 20 ते 24 सेल्सियस, हवेतली आर्द्रता 10 ते 50 टक्के. वारा नको, थेट ऊन नको, पाठीमागे चकाकणारं काही नको. माणूस त्या खोलीत येऊन किमान 15 मिनिटं झालेली असावीत, धावपळ किंवा अंघोळ केली असेल तर 30 मिनिटं. हे वाचताना मी दादरचा पूल डोळ्यांसमोर आणला. पावसाळ्यातल्या मुंबईत एसीशिवाय 50 टक्के आर्द्रता मिळणं अशक्य, आणि 8.43 ची लोकल पकडणाऱ्या माणसाला 15 मिनिटं स्वस्थ बसवणं त्याहून अशक्य. मे महिन्यातलं नागपूर किंवा चंद्रपूर असेल तर हवाच माणसाच्या त्वचेपेक्षा गरम असते. तिथे उघड्यावर लावलेला कॅमेरा "कोण उन्हातून आलं" एवढंच सांगेल.

तराजू आणि माप

समजा किराणा दुकानात तराजू आहे आणि तो दोन किलो इकडेतिकडे दाखवतो. सिमेंटची गोणी तोलायला कदाचित चालेल. त्यावर पावशेर रवा मागणार का? कारखान्यात गरम झालेली तार किंवा बेअरिंग शोधणाऱ्या साध्या थर्मल कॅमेऱ्यांची अचूकता बहुतेक वेळा अधिक-उणे 2 सेल्सियस इतकी असते. त्या कामाला ती भरपूर होते, कारण बिघडलेला जोड शेजारच्यापेक्षा दहा-वीस अंशांनी तापलेला असतो. पण निरोगी माणूस आणि तापकरी यांच्यातलं अंतरच मुळी एक-दीड अंशाचं. म्हणून वर सांगितलेल्या मानकात चूक अर्ध्या अंशाच्या आत हवी असं म्हटलं आहे.

अर्ध्या अंशाच्या आत राहायला कॅमेऱ्याला समोर एक ठरलेलं माप लागतं. त्याला कृष्णवस्तू म्हणतात. ही एक छोटी काळी पेटी असते, जिचा पृष्ठभाग नेमक्या ठरलेल्या तापमानाला, उदाहरणार्थ 35 अंशांना, कायम ठेवलेला असतो. चित्रात माणसाशेजारी ती सतत दिसत राहते आणि कॅमेरा तिच्याकडे पाहून आपली चूक सुधारत राहतो. वजनमापवाल्यांचा शिक्का असलेलं किलोचं वजन दुकानात असतं तसं. कृष्णवस्तू न ठेवता लावलेला कॅमेरा दिसला की मी समजतो, हा तराजू कुणी तपासलेला नाही.

आणखी एक गोष्ट 2021 च्या सुमारास चाचण्यांतून पुढे आली आणि ती मला सगळ्यांत अस्वस्थ करते. काही यंत्रांचं सॉफ्टवेअर मोजलेला आकडा गुपचूप "नॉर्मल"कडे सरकवतं. कपाळ 33 सेल्सियस आलं तरी 36.5 दाखवायचं, 38 आलं तरी 37 च्या आत आणायचं. पडद्यावर सगळे आकडे शहाण्यासारखे दिसतात, गिऱ्हाईक खूश होतं. प्रत्येक पोतं पन्नास किलोच दाखवणारा तराजू अचूक वाटतोच. मार्च 2021 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने थर्मल यंत्रांच्या चुकीच्या वापराबद्दल लोकांना जाहीर सूचना दिली.

चाळणीचं गणित

आरोग्यखात्याच्या भाषेत अशा तपासणीला चाळणी चाचणी म्हणतात. शब्द चपखल आहे. चाळणीची भोकं मोठी ठेवली तर कोंडाही पिठात पडतो, बारीक ठेवली तर अर्धं पीठ वर अडकतं. थर्मल कॅमेऱ्यात ही भोकं म्हणजे "कितीच्या वर थांबवायचं" तो आकडा. 38 ठेवला तर आजारी सुटतात, 37 ठेवला तर निरोगी अडकतात.

एक हिशेब मांडून पाहू. आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत. एका स्टेशनातून एक लाख माणसं जातात. त्यांच्यातल्या 100 जणांना संसर्ग आहे. त्या 100 पैकी त्या क्षणी अंगात ताप असलेले 40. कॅमेरा चांगला आहे, तापकऱ्यांपैकी 80 टक्के पकडतो, म्हणजे 32. उरलेल्या 99,900 निरोगी लोकांपैकी फक्त 5 टक्क्यांना तो चुकून थांबवतो. फक्त म्हटलं तरी ते 4,995 होतात.

एकूण थांबवलेले 5,027. त्यांच्यात खरे संसर्ग झालेले 32. आणि संसर्ग असूनही आरामात पुढे गेलेले 68.

इतका चांगला कॅमेरा असूनही हे असं होतं, कारण निरोगी माणसं संख्येनेच प्रचंड आहेत. त्या पाच हजार लोकांना बसवायचं कुठे, तपासायचं कुणी, त्यांच्या बुडालेल्या रोजाचं काय, ही प्रश्नांची रांग कॅमेऱ्याच्या किमतीत धरलेली नसते. शिवाय थांबवलेली माणसं कोण असतील याचाही विचार करा. उन्हातून पायी आलेली, डोक्यावर ओझं वाहिलेली, सायकल मारत आलेली, जेवणाचे डबे पोचवणारी. यंत्राला त्यात काही हेतू नसतो, पण त्याची चूक सगळ्यांवर सारखी पडत नाही. ती श्रमाच्या आणि उन्हाच्या बाजूला झुकते.

प्रत्यक्षात काय घडलं

थर्मल तपासणीचा मोठा बोलबाला झाला तो 2003 च्या सार्स या श्वसनरोगाच्या साथीत. सिंगापूरने लष्करी कामाचं तंत्रज्ञान वापरून ताप शोधणारी यंत्रणा तयार केली आणि विमानतळावर लावली. कॅनडाने त्या वर्षी विमानतळांवर प्रश्नावली, परिचारिका आणि थर्मल स्कॅनर यांच्या मदतीने सुमारे 65 लाख प्रवासी तपासले. त्यांतले साधारण 9,100 पुढच्या तपासणीला पाठवले. त्यांच्यात सार्सचा एकही रुग्ण निघाला नाही.

2014 मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला. लायबेरियातून अमेरिकेला निघालेल्या एका प्रवाशाचं तापमान मनरोव्हियाच्या विमानतळावर मोजलं गेलं, ते नॉर्मल होतं. मोजणारा चुकला नव्हता, कारण त्या दिवशी त्या माणसाला ताप नव्हताच. डॅलसला पोचल्यानंतर काही दिवसांनी तो आजारी पडला. इबोलाची लक्षणं दिसायला 2 ते 21 दिवस लागतात, त्या मधल्या काळात कुठल्याही तापमापकाला काही सापडत नाही.

कोरोनाच्या वेळी अमेरिकेत 17 जानेवारी ते 13 सप्टेंबर 2020 या काळात विमानतळांवर 7,66,044 प्रवासी तपासले गेले. त्या सगळ्या खटाटोपातून 9 रुग्ण सापडले. म्हणजे सुमारे 85 हजारांत एक. 14 सप्टेंबरला ती तपासणी बंद करण्यात आली. न्यूयॉर्क परिसरातल्या रुग्णालयांत दाखल झालेल्या 5,700 कोरोना रुग्णांच्या अभ्यासात, दाखल होताना ताप असलेले फक्त 30.7 टक्के होते. रुग्णालयात दाखल करण्याइतपत आजारी माणसांची ही गत, तर स्टेशनात हिंडणाऱ्या सौम्य लक्षणांच्या माणसाची काय असेल?

सार्स आणि कोरोना यांच्यातला फरक इथे समजून घेण्यासारखा आहे. सार्सचा रुग्ण लक्षणं दिसल्यावर, त्यातही दुसऱ्या आठवड्यात, सर्वांत जास्त संसर्ग पसरवत असे. कोरोनाचा माणूस लक्षणं दिसण्याच्या दोन दिवस आधीपासून पसरवतो. ताप शोधून कोरोना अडवणं म्हणजे बस सुटल्यावर थांब्यावर पोचणं.

"काहीच नसण्यापेक्षा बरं ना?"

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे, आणि तो टाकाऊ नाही. तपासणी आहे हे माहीत असेल तर ताप असलेला माणूस प्रवास टाळण्याची शक्यता असते. फाटकावर माणूस थांबतो त्या निमित्ताने त्याला माहितीपत्रक देता येतं, लक्षणं विचारता येतात. हे खरे फायदे आहेत.

पण तोटेही खरे आहेत. आतला माणूस "सगळे तपासून आलेत" म्हणून निर्धास्त होतो. मास्क खाली येतो, खिडक्या बंद राहतात. रांगेत शंभर माणसं चिकटून उभी राहतात आणि बाहेरच संसर्गाची सोय होते. कॅमेऱ्यावर गेलेला पैसा हवा खेळती ठेवण्यावर, चाचण्यांवर किंवा आजारी कामगाराच्या भरपगारी सुट्टीवर जात नाही. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने जुलै 2020 मध्येच संस्थांना बजावलं होतं की कोरोना शोधण्यासाठी तापमान तपासणाऱ्या यंत्रांवर विसंबू नका. माझं मत विचाराल तर, रोजंदारीवरच्या कामगाराला आजारात पगारी सुट्टी दिली तर तो ताप लपवून कामावर येणारच नाही, आणि फाटकावरच्या कुठल्याही कॅमेऱ्यापेक्षा ती सुट्टी जास्त रुग्ण अडवेल.

मग हे कुठेच चालत नाही का?

चालतं, आणि ते कुठे चाललं हे पाहण्यासारखं आहे. तैवानने जुलै 2003 ते जून 2004 या वर्षात विमानतळावर ताप-तपासणी चालवली आणि तिच्यातून डेंगीचे 40 पक्के रुग्ण सापडले. त्यांतल्या 33 जणांच्या रक्तात त्या वेळी विषाणू फिरत होता. म्हणजे त्यांना तिथला डास चावला असता तर डेंगी पुढे पसरला असता.

हे जमलं कशामुळे? डेंगीत ताप एकदम आणि जोरात चढतो, आणि रक्तात विषाणू असण्याचा काळ साधारण तापाच्या काळाशी जुळतो. दुसरं म्हणजे तिथे कॅमेऱ्याने पुढे पाठवलेल्या संशयितांचं रक्त तपासलं गेलं. रोगाचा स्वभाव यंत्राला अनुकूल होता आणि यंत्रामागे प्रयोगशाळा उभी होती. ज्या फाटकावर कॅमेऱ्यामागे फक्त "घरी जा" असतं, तिथे या उदाहरणाचा आधार घेता येणार नाही.

किरणांचा त्रास, आणि चेहऱ्याची नोंद

"बंदुकीचे किरण मेंदूत जातात" असा निरोप तेव्हा व्हॉट्सअॅपवर फिरत होता आणि त्यामुळे अनेक ठिकाणी रखवालदार कपाळ सोडून मनगट मोजू लागले. थर्मल कॅमेरा आणि कपाळाची बंदूक दोन्ही किरण सोडत नाहीत, आपल्या अंगातून निघणारे किरण टिपतात. काही बंदुकांत नेम धरण्यासाठी लाल ठिपका असतो, तो डोळ्यात जाऊ देऊ नये, एवढंच. मनगटाचा आकडा मात्र कपाळापेक्षाही बेभरवशाचा, कारण हात सर्वांत आधी गार पडतात.

नोंदीची भीती मात्र रास्त आहे. गर्दीच्या ठिकाणच्या अनेक यंत्रांत थर्मल भिंगाशेजारी साधा कॅमेराही असतो आणि चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर जोडलेलं असतं. मग तुमचा चेहरा, वेळ, ठिकाण आणि "ताप" असं एकत्र साठतं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर हे कोण साठवतं, किती दिवस आणि कशासाठी, हे विचारण्याला बळ आलं आहे. ते विचारावं.

लावायचाच असेल तर

बंदिस्त, सावलीतली, पंख्याचा झोत नसलेली जागा. एका वेळी एक माणूस, चष्मा आणि टोपी काढून. चित्रात कृष्णवस्तू. उंबरठ्याचा आकडा जाहिरातीतून उचलू नये, त्या दिवशी तिथून गेलेल्या निरोगी लोकांच्या आकड्यांवरून ठरवावा, म्हणजे उन्हाळ्या-पावसाळ्याचा फरक त्यात आपोआप धरला जातो. आणि यंत्र वाजलं की निर्णय यंत्राने घ्यायचा नाही. तो घ्यायचा साध्या काखेतल्या किंवा तोंडातल्या तापमापकाने, आणि तोही लगेच नाही.

मावशी त्या दिवशी फाटकाबाहेर कडुनिंबाखाली बसल्या होत्या. वीसेक मिनिटांनी मी पाण्याची बाटली घेऊन गेलो, घरातला तापमापक सोबत नेला. काखेत आकडा आला 98.2. तोवर रखवालदाराची वही लिहून झाली होती आणि त्यांची परतीची बस समोर येऊन थांबली होती. त्या गेल्या. आता आमच्या फाटकात सावलीला एक खुर्ची आहे, शेजारी माठ आहे, आणि खोक्यात काखेचा तापमापक व तो पुसायला स्पिरिट. बंदूक कुणी पुन्हा बाहेर काढलीच, तर ज्याच्यावर ती वाजेल त्याने आधी तिथे पंधरा मिनिटं बसायचं, असं ठरलं आहे.